साधा वर्तमानकाळ शिकवणारं ॲप: वडील 'वर्क' की 'वर्क्स'?

तीन महिने झाले, इंग्रजी ग्रामरचं एक ॲप वापरतेय, रोज वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्यातला साधा वर्तमानकाळाचा म्हणजे सिंपल प्रेझेंट टेन्सचा अख्खा भाग आता संपवलाय म्हणून रिव्ह्यू लिहितेय. ॲपचं नाव घेत नाही कारण खाली बऱ्यापैकी तक्रारी आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये. आणि खरं सांगायचं तर मराठीतून इंग्रजी शिकवणारी बरीचशी ॲप्स साधारण अशीच असतात, त्यामुळे यातलं निम्मं तुम्ही वापरताय त्यालाही लागू होईल.

सुरुवातीलाच एक टेस्ट देतात, त्यात मी अशी काही आपटले की मला थेट साधा वर्तमानकाळात बसवलं. आधी अपमान वाटला. मी ऑफिसात रोज इंग्रजीत मेल लिहिते, पास्ट परफेक्ट वगैरे शब्द मला माहिती आहेत आणि हे मला 'आय गो, यू गो' शिकवणार? मग मी माझे जुने पाठवलेले मेल काढून बघितले. 'ही डोन्ट नो', 'द फाइल ओपन बट इट डोन्ट सेव्ह', 'माय मॅनेजर वॉन्ट धिस टुडे'. तीन मेल, चार ठिकाणी एस गायब, आणि ते पाठवलेसुद्धा होते. गप्प बसले आणि लेसन एक सुरू केला.

आता मुद्द्याचं. लेसन दोन की तीनमध्ये मराठी वाक्य येतं आणि त्याचं इंग्रजी टाइप करायचं असतं. पहिलं आलं, 'माझी आई काम करते'. टाइप केलं 'माय मदर वर्क्स', हिरवं. पुढचं आलं, 'माझे वडील काम करतात'. टाइप केलं 'माय फादर वर्क', लाल. खाली लिहून आलं, 'तृतीय पुरुषी एकवचनी कर्त्यानंतर क्रियापदाला एस किंवा ई-एस लावा'. बरं, लावते. चार वाक्यांनंतर 'आजोबा पेपर वाचतात', परत चुकले, परत तीच सूचना. आजीचं वाक्य मात्र बरोबर! आई बरोबर, आजी बरोबर, मावशी बरोबर, आणि वडील, आजोबा, साहेब, सर सगळे चूक. मला वाटलं माझं डोकंच चालत नाहीये. भाचीला बसवलं, ती शाळेत आहे, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, तर तीसुद्धा वडिलांपाशीच आपटली आणि म्हणाली, 'मावशी, पण करतात लिहिलंय ना, मग एस कशाला?'

तिथे माझी ट्यूब पेटली. आपण मराठीत आईला एकेरी बोलतो आणि वडिलांना आदरार्थी बहुवचन लावतो. आई करते, वडील करतात. आई आली, बाबा आले. शाळेत मॅडमसुद्धा 'शिकवतात'. म्हणजे माणूस एकच, पण क्रियापद बहुवचनाचं. आणि आपलं डोकं इंग्रजी वाक्य बनवताना माणसं मोजत नाही हो, मराठी क्रियापदाची शेपटी बघतं. शेपटीला 'तात' दिसलं की बहुवचन, बहुवचन म्हटलं की एस नाही. एवढा साधा हिशोब आहे. इंग्रजीत आदर क्रियापदात दाखवतच नाहीत, राजा असला तरी 'द किंग कम्स'च, एक माणूस म्हणजे एस, विषय संपला. हे एका ओळीत सांगितलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते. पण ॲप काय सांगतं, तृतीय पुरुषी एकवचनी. अहो मला नियम पाठ आहे, मला वडील एकवचनी वाटतच नाहीयेत हा प्रॉब्लेम आहे!

आणि हे एकदा लक्षात आल्यावर मग बाकीच्या चुका पण तशाच निघाल्या. 'तिला पुस्तकं आवडतात'. मी लिहिलं 'शी लाइक बुक्स'. का, तर 'आवडतात'. आपल्याकडे आवडणं हे पुस्तकांच्या अंगाने चालतं, पुस्तक एक असेल तर आवडतं, अनेक असतील तर आवडतात, ती बिचारी 'तिला' होऊन बाजूला उभी. इंग्रजीत ती पुढे येऊन कर्ता होते आणि क्रियापद तिचंच ऐकतं, पुस्तकं एक असोत नाहीतर शंभर, 'शी लाइक्स'. तसंच 'सगळे येतात' म्हटलं की 'एव्हरीवन कम' येतं हातातून, पण एव्हरीवन इंग्रजीत एकवचनी, त्यामुळे 'एव्हरीवन कम्स'. उलट 'पीपल' दिसायला एकवचनी पण 'पीपल कम'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' मध्ये फ्रेंड्स जवळ असल्यामुळे हात एस लावायला कचरतो, पण खरा कर्ता तो 'वन' आहे, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज हिअर'. ही शेवटची तीन ॲपमध्ये आहेत, चांगल्या उदाहरणांसकट आहेत, पण वडील आणि आवडतात हे दोन्ही नाहीत. मेनू मराठीत, सूचना मराठीत, बटणं मराठीत, पण शिकणाऱ्याच्या डोक्यात मराठी आहे हे मात्र कुणाच्या लक्षात आलेलं नाही. बहुतेक एकच कोर्स बनवून दहा भाषांत ओतलाय.

बरं, आता फक्त शिव्या घालायला नाही लिहीत, कारण या ॲपमध्ये एक लेसन असा आहे की त्यासाठी मी बाकी सगळं माफ करायला तयार आहे. डू आणि डझचा.

शाळेत मला हे असं शिकवलं होतं की नकारार्थी करायचं तर ही-शी-इटला डझ नॉट, बाकीच्यांना डू नॉट, आणि डझ आला की क्रियापदाचं मूळ रूप. पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले, आणि आयुष्यभर 'शी डझन्ट वर्क्स' आणि 'डझ ही हॅज' म्हणत राहिले. का मूळ रूप, हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ॲपमध्ये स्क्रीनवर 'शी वर्क्स' लिहिलेलं येतं आणि त्यातला एस पिवळा असतो. मग प्रश्न बनवा म्हटलं की वरून एक फिकट 'डू' हळूच खाली येतो आणि वर्क्समधला तो पिवळा एस उडी मारून डूला जाऊन चिकटतो, डूचा होतो डझ, आणि वर्क मोकळा उरतो. 'डझ शी वर्क'. एकच एस आहे, तो एका वेळी एकाच जागी बसू शकतो, डझने घेतला की क्रियापदाकडे काही उरत नाही. बस एवढंच. मी ते ॲनिमेशन चार वेळा बघितलं. मग कळलं की तो फिकट डू तिथे जणू आधीपासून लपलेलाच असतो. जोर देऊन बोलायचं असेल तेव्हा बाहेर येतोच ना, कुणी म्हटलं ती काम करत नाही तर आपण म्हणतो 'शी डझ वर्क', तेव्हाही एस डूकडे आणि वर्क मोकळा. हॅजचं पण तसंच, हॅजमधला एस निघाला की खाली राहतो हॅव्ह, म्हणून 'डझ ही हॅव्ह'. मला बेचाळीसाव्या वर्षी हे कळलंय, हसू नका.

त्याच लेसनमध्ये पुढे दोन अपवाद दिलेत आणि तेही नीट समजावलेत. एक म्हणजे 'हू वर्क्स हिअर', इथे हू हाच कर्ता असल्यामुळे डू येत नाही आणि एस आपल्या जागी राहतो. पण 'व्हेअर डझ शी वर्क' मध्ये कर्ता शी आहे म्हणून डू आला. दुसरं म्हणजे ॲम, इज, आर यांना डू लागतच नाही, ते स्वतःच उठून पुढे येतात, 'इज शी रेडी', 'शी इजन्ट रेडी'. कॅन, मस्ट वगैरे मंडळींना तर एस पण लागत नाही, 'शी कॅन्स' असं काही नसतं. हे माहिती होतं पण एका जागी बघून बरं वाटलं.

लेसनच्या मध्ये मध्ये 'माहितीचा कोपरा' म्हणून एक चौकट येते, बहुतेक लोक ती न वाचता पुढे जात असणार, पण मला तीच आवडली. जुन्या इंग्रजीत आपल्यासारख्याच प्रत्येक पुरुषाला वेगवेगळ्या शेपट्या होत्या. नंतरच्या इंग्रजीतही 'तू' साठी वेगळा शब्द होता आणि त्याचं क्रियापद 'दाऊ गोएस्ट', तो साठी 'ही गोएथ'. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये हे एथवालं रूप सर्रास आहे. मग इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीतला एस पसरत पसरत दक्षिणेत आला आणि त्याने एथला हटवलं, शेक्सपिअरमध्ये तर दोन्ही सापडतात, हॅथ पण आणि हॅज पण. दाऊ मागे पडला तसा एस्ट पण गेला, बाकीच्या शेपट्या झिजल्या, आणि शेवटी हा एकटा एस उरला. म्हणजे आपण ज्याच्यावरून रडतोय तो एका मोठ्या वाड्याचा राहिलेला एक खांब आहे. मला गंमत वाटली कारण आपल्या 'तू जातोस' मध्येपण शेवटी स आहे आणि गोएस्टमध्ये पण. आणि बघा ना, मराठीत मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात, एवढं सगळं आपण न चुकता बोलतो, बाई की पुरुष हेसुद्धा क्रियापदात सांगतो, आणि इंग्रजीत सगळ्या मिळून गो आणि गोज अशी दोनच रूपं, त्यातही घसरतो.

पण घसरणं अगदी आपलंच नाहीये, हेही त्याच चौकटीत होतं. रॉजर ब्राऊन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तीन लहान मुलांचं बोलणं कित्येक महिने टिपलं होतं, १९७३ साली ते पुस्तक आलं. मुलं इंग्रजीच बोलणाऱ्या घरातली, तरी त्यांना आयएनजीवालं रूप आधी आलं, अनेकवचनाचा एस आधी आला, आणि हा क्रियापदाचा एस बराच उशिरा आला. एस तोच, आवाज तोच, पण 'बुक्स' लवकर आणि 'वर्क्स' उशिरा. मला तरी यातलं कारण पटतं ते असं की बुक्सचा एस काहीतरी सांगतो, एक की अनेक ते त्याच्यावरून कळतं. वर्क्सचा एस नवीन काहीच सांगत नाही, शी म्हटल्यावर कोण ते कळलेलंच असतं. डोकं फुकटचं काम टाळतं. हे वाचून माझं ओझं कमी झालं, पण मग मला ॲपला विचारायचंय, तुम्हीच सांगता उशिरा येतो, आणि तुम्हीच तिसऱ्या लेसनला एस राहिला म्हणून माझं एक हार्ट कापता? हार्ट म्हणजे ते गेमसारखं आहे, पाच हार्ट असतात, संपली की चार तास थांबा नाहीतर जाहिरात बघा. वडिलांपायी माझी सगळी हार्ट गेलीत.

स्पेलिंगवर मात्र चार लेसन घालवलेत, जे एका पानात होतं. एस, एसएच, सीएच, एक्स, झेडने शेवट होत असेल तर ई-एस, गो आणि डूलाही ई-एस. वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय काढून आय-ई-एस, स्टडीचं स्टडीज, आणि आधी स्वर असेल तर वायला हात लावायचा नाही, प्ले, प्लेज. झालं. फोन स्वतःच स्पेलिंग दुरुस्त करतो आजकाल, त्यावर कशाला एवढा वेळ.

त्यापेक्षा उच्चाराचा लेसन मोठा हवा होता कारण तिथे खरंच नवीन कळतं. एस लिहिताना एक पण उच्चारताना तीन प्रकारचा. वर्क्स, स्टॉप्स यात सरळ स. प्ले, रीड, गो यांना लागला की तो झ होतो. आणि वॉच, वॉश, फिक्स, चेंज यांना लागला की एक जास्तीचा तुकडा येतो, वॉचिझ, फिक्सिझ. कुठला कधी हे ओळखायला त्यांनी सांगितलंय की गळ्यावर बोट ठेवा आणि मूळ शब्दाचा शेवटचा आवाज काढा, गळा थरथरला तर झ, नाही थरथरला तर स. मी रात्री गळ्यावर बोट ठेवून क क क, ड ड ड करत बसले होते, घरच्यांनी डोकावून बघितलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं. आणि हो, 'से' ला एस लागला की उच्चार सेज नाही, सेझ असा आखूड, आणि डू चा होतो डझ, डूझ नाही, हे दोन पाठच करायचे.

पण त्याच लेसनमधला माइक म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. वाक्य बोलायचं आणि ॲप सांगणार बरोबर की चूक. मला संशय आला म्हणून मी मुद्दाम एस खाल्ला, स्पष्ट म्हटलं 'शी वर्क एव्हरी डे'. हिरवी टिक. परत म्हटलं, 'ही वॉच टीव्ही'. हिरवी टिक, वर 'शाब्बास'! म्हणजे माइक आपण काय बोललो ते ऐकत नाही, आपण काय बोलायला हवं होतं ते ऐकतो. टाइप करताना एका एसवरून हार्ट कापणारं ॲप बोलताना डोळे मिटून पास करतंय. ज्यांना बोलण्यासाठी शिकायचंय त्यांनी त्या टिकवर विश्वास ठेवू नका, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, लगेच कळतं.

आता आय डू की आय ॲम डूइंग, हा दुसरा मोठा घोळ. इथे ॲप 'एव्हरी डे असेल तर साधा, नाऊ असेल तर चालू' असं सांगून मोकळं होतं. पण मराठी माणसाला यापेक्षा सोपं सांगता येतं हो, आपल्याकडे हा फरक तयारच आहे. 'मी लिहिते' आणि 'मी लिहितेय'. तो शेवटचा 'य' आला की आयएनजी. 'तू काय करतेस' म्हणजे कामधंदा काय, 'व्हॉट डू यू डू'. 'तू काय करतेयस' म्हणजे आत्ता काय चाललंय, 'व्हॉट आर यू डूइंग'. किती सुंदर जुळतं! पण ॲपमधली मराठी वाक्यं पुस्तकी, 'मी लिहीत आहे' छाप, त्यामुळे ही जोडी कुणाला दिसतच नाही.

अर्थात सगळीकडे जुळत नाही आणि हे पण त्यांनी सांगायला हवं होतं. दारात चपला घालत आपण म्हणतो 'चल, निघते मी', रूप साधंच आहे पण इंग्रजीत 'आय लीव्ह' म्हटलं तर समोरचा वाट बघेल की रोज कुठे निघतेस. तिथे 'आय ॲम लीव्हिंग'. 'उद्या फोन करते' हे आपण शब्द देतोय, म्हणून 'आय विल कॉल'. आणि मग ते 'आहे' प्रकरण. मराठीत वाक्यात 'आहे' दिसलं की हात ॲम किंवा इजकडे जातो. मला मान्य आहे, 'आय ॲम अग्री'. मला माहिती आहे, 'आय ॲम नो'. हसू येतं पण हे मी स्वतः बोललेय, मीटिंगमध्ये, मोठ्याने. अग्री, नो, वॉन्ट, हॅव्ह ही स्वतःच क्रियापदं आहेत, त्यांच्या शेजारी ॲम बसवायला जागाच नाही. या भागावर ॲपमध्ये एक लेसन आहे आणि तो ठीक आहे, उदाहरणं बरीच आहेत, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' का नाही हेही सांगितलंय.

ऑलवेज, युज्वली, नेव्हर कुठे ठेवायचे यावर एक छोटा लेसन आहे. क्रियापदाच्या आधी ठेवायचे, पण ॲम-इज-आर असेल तर त्यांच्यानंतर. 'शी ऑलवेज कम्स लेट', 'शी इज ऑलवेज लेट'. दहा मिनिटांत जमतं.

मग आला तो प्रश्न ज्याच्यामुळे मी कस्टमर सपोर्टला मेल केला. 'द बस ब्लँक ॲट सिक्स टुमॉरो'. पर्याय दोन, 'लीव्ह्ज' आणि 'विल लीव्ह'. मी लीव्ह्ज निवडलं. लाल! कारण काय, तर 'टुमॉरो हा भविष्यकाळाचा शब्द आहे'. अहो, वेळापत्रकातल्या गोष्टींना इंग्रजीत साधा वर्तमानकाळच सर्रास वापरतात, बस, रेल्वे, सिनेमाचा शो, परीक्षा, उद्याची असली तरी. आपणही म्हणतो ना, 'बस उद्या सहाला सुटते'. इथे दोन्ही उत्तरं चालतात आणि लीव्ह्ज तर जास्तच शोभतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे यांच्याच अठराव्या लेसनमध्ये हा नियम दिलाय! म्हणजे प्रश्न बनवणाऱ्याने लेसन वाचलेला नाही. मेल केला, दोन आठवड्यांनी उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे'. मला वाटलं झालं, गेलं कचऱ्यात. पण महिन्याभराने अपडेट आला तेव्हा तो प्रश्न मुद्दाम शोधून काढला तर दोन्ही उत्तरं हिरवी होत होती. त्यामुळे सपोर्टला शिव्या नाही, हळू आहेत पण ऐकतात. या असल्या प्रश्नांचं मूळ म्हणजे खुणेचे शब्द पाठ करायची पद्धत, एव्हरी डे दिसलं की साधा, नाऊ दिसलं की चालू, टुमॉरो दिसलं की विल. शाळेतल्या पेपरपुरती ती चालते. बाहेर खऱ्या वाक्यात नाऊ पण असतो आणि 'आय अंडरस्टँड नाऊ' साधा वर्तमानकाळच असतो.

शेवटचा भाग पैसे भरल्यावर उघडतो, बाकी सगळा फुकट आहे. भरावेत का? मी भरले, आणि त्यातल्या एका लेसनसाठी तरी वसूल झाले असं म्हणेन, जरी तो लेसन त्यांनी धड मराठीत लिहिलेला नसला तरी. विषय असा की व्हेन, इफ, अनटिल, ॲज सून ॲज यांच्यानंतर पुढची गोष्ट असली तरी साधा वर्तमानकाळ येतो, विल नाही. 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. ॲपमधलं मराठी, 'जेव्हा तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन'. आता मला सांगा घरात असं कोण बोलतं? आपण म्हणतो 'तो आला की सांगते'. बघा, आपण इथे चक्क 'आला' म्हणतो, भूतकाळाचं रूप, अजून आलेला नसताना! म्हणून मराठी माणूस एकतर 'व्हेन ही केम' लिहितो नाहीतर पुस्तकी मराठीमागून जाऊन 'व्हेन ही विल कम' लिहितो, आणि दोन्ही चूक. मी वहीत स्वतःचं लिहून ठेवलंय, 'आला की, गेला की, झालं की, संपलं की, हे सगळे कम्स, गोज, हॅपन्स, फिनिशेस'. तेव्हापासून चुकले नाही. वहीत असली माझीच सतरा-अठरा वाक्यं झालीत आता आणि खरं सांगू, ॲपपेक्षा तीच जास्त उघडते.

किरकोळ गोष्टी सांगून टाकते. नोटिफिकेशन फार येतात, रात्री साडेदहाला 'आम्हाला तुमची आठवण येतेय' वगैरे, सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ऑफलाइन चालत नाही. फॉन्ट लहान आहे, चष्मा लागतो. तारखेप्रमाणे स्ट्रीक मोजतात आणि एक दिवस चुकला की शून्य, मला दोनदा शून्य झालं, काही बिघडलं नाही, एस तसाच डोक्यात होता. लहान मुलांना हार्टचा प्रकार आवडतो, भाची त्याच्यासाठीच खेळते, मला वैताग येतो. ज्यांना अगदी पहिल्यापासून सुरुवात करायचीय त्यांना चालेल. ज्यांचं माझ्यासारखं आहे, सगळं येतं पण बोलताना एस गळतो, त्यांनी सरळ डू-डझवाला, उच्चाराचा आणि व्हेन-इफचा असे तीन लेसन करा, स्पेलिंगचे चार सोडून द्या, ॲप सोडू देतं, खाली बारीक अक्षरात 'पुढे जा' असतं.

पाचपैकी साडेतीन स्टार. मागच्या आठवड्यात सपोर्टला दुसरा मेल टाकलाय, फक्त वडिलांबद्दल, आदरार्थी बहुवचन म्हणजे काय ते चार ओळींत लिहून, खाली आईचं आणि वडिलांचं वाक्य शेजारी शेजारी मांडून. अजून उत्तर नाही, बसच्या वेळचा हिशोब धरला तर आणखी तीन आठवडे तरी लागतील. सूचना बदललेली दिसली की इथे येऊन चार करते.